पेडल कडक झालं? एअर काढून काही होणार नाही

‘ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते. ऑइल बदला, एअर काढा. तरी फरक पडला नाही तर नवे पॅड टाका. इंजिन बंद असताना पेडल कडक लागलं तर बूस्टर गेलाच समजा. वाटेत असं झालं तर पेडल भराभर पंप करा.’ हा सल्ला जिकडेतिकडे पुढे ढकलला जातो. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टींनी खिसा रिकामा होईल, चौथी जिवावर बेतेल.

‘हवा शिरली आहे’

हवा दाबली जाते, ब्रेक ऑइल जवळपास दाबलं जात नाही. त्यामुळे लाइनमध्ये हवा असली की पेडल लिबलिबीत होतं आणि खोल जातं. म्हणजे तक्रार अगदी उलटी. ऑइलमध्ये पाणी मुरलं तरी तेच होतं. लांब उतारावर ते लवकर उकळतं, वाफ होते आणि पेडल खाली बसतं. ऑइल मुदतीत बदलायलाच हवं, पण कडक पेडलचा तो इलाज नव्हे.

कडक पेडलसाठी आधी बघायचा तो बूस्टर, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल लाइनमध्ये ढकलणारा भाग) मागचा मोठा गोल डबा. त्यात रबरी पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी. पेडल दाबलं की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा मास्टर सिलेंडरकडे रेटला जातो. २३ सेंटिमीटर व्यासाचा पडदा आणि पाऱ्याचा ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम धरला, तर हा रेटा पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो गेला की सगळा भार पायावर येतो.

‘इंजिन बंद असताना कडक, म्हणजे बूस्टर गेला’

बंद गाडीत दोनतीनदा पेडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि चांगल्या गाडीचंही पेडल कडक होतं. त्यावरून बूस्टर बदलायला निघणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. खरी तपासणी अशी:

१. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा. कडक झालं की पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली सरकलं पाहिजे. हललंच नाही, तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर खराब आहे.

२. इंजिन एकदोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश दाबत जा. दर खेपेला ते आधीपेक्षा वर अडायला हवं. पहिल्याच दाबाला कडक लागलं, तर व्हॅक्यूम टिकत नाही.

३. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच इंजिन बंद करा आणि ३० सेकंद थांबा. पेडल पायाला वर ढकलू लागलं, तर गळती आहे.

यात दोष दिसला तरी लगेच बूस्टर उतरवू नका. आधी स्वस्तातला भाग बघा: व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला वन-वे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंका. हवा बूस्टरकडून इंजिनाकडेच जायला हवी. दोन्हीकडून गेली किंवा कुठूनच गेली नाही, तर व्हॉल्व्ह बदला. पाइपला चीर आहे का, तो आतून फुगला आहे का, तेही पाहा. त्या जागी पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप बसवण्याचा जुगाड करू नका. गरम झाल्यावर तो व्हॅक्यूमने चपटा होतो आणि तक्रार परत येते.

नंतर बूस्टरच्या टोकाला व्हॅक्यूम मोजायचा गेज लावा. साध्या पेट्रोल इंजिनाला आयडलिंगवर साधारण ४५० ते ५५० मिलिमीटर दिसायला हवेत (उंच डोंगराळ भागात आकडा कमी येतो). डिझेल आणि बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथे गेज कमी दाखवत असेल तर संशयित पंप. व्हॅक्यूम पुरेसा आहे, व्हॉल्व्ह ठीक आहे, तरी पहिली चाचणी नापास, तेव्हाच बूस्टर दोषी. पेडल दाबून धरल्यावर पायाशी सतत सुसू आवाज येणं आणि आयडलिंग डगमगणं ही पडदा फाटल्याची जोडखूण.

बूस्टर बदलताना मास्टर सिलेंडरची मागची बाजू बोट फिरवून बघाच. तिथे ओल असेल तर सील गळून ऑइल बूस्टरमध्ये उतरतंय. तो सिलेंडर तसाच ठेवलात तर नवा बूस्टरही जाईल. बाहेर कुठेच गळती नसताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल कमी होत असेल, तर हाच संशय घ्या.

‘नवे पॅड टाका’

तिन्ही चाचण्या पास झाल्या, तरच चाकांकडे वळा. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर जोर जास्त लागतो, हे खरं. पण कॅलिपरचा (पॅड दाबणारा भाग) पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम असेल, नाहीतर रबरी ब्रेक पाइप आतून सुजला असेल, तर नवे पॅडही तसेच वागतील. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं गेलं असेल तर सगळी रबरं फुगतात. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सगळी सीलं आणि रबरी पाइप बदलावे लागतात.

‘भराभर पंप करा’

पंप करणं हा पेडल खाली बसल्यावरचा उपाय. कडक पेडलवर दर दाबाला उरलासुरला व्हॅक्यूम खर्च होतो. पाय न उचलता पूर्ण ताकदीने एकसारखं दाबून धरा. हायड्रॉलिक जोड शाबूत असतो, त्यामुळे गाडी थांबते, फक्त अंतर जास्त लागतं. जोडीला एकेक गिअर उतरवा. हाताने ओढायचा हँडब्रेक असेल तर त्याचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. झटक्यात ओढलात तर मागची चाकं लॉक होतात. गाडी पूर्ण थांबेपर्यंत इंजिन बंद करू नका.