पाण्याच्या पाटावर अडकलेला पिकअप: एका अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या फोंड्याच्या गॅरेजला आपण दोन ताऱ्यांचा अभिप्राय दिला आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी, की मार्चमध्ये आपण पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी लॉकर (दोन्ही चाके एकत्र बांधणारी यंत्रणा) मागितला असता आम्ही लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल (दोन चाकांच्या वेगांतला फरक थोडा रोखणारे) गळ्यात मारले. पहिल्याच मोठ्या पावसात सत्तरीतल्या कुळागराच्या (नारळ-सुपारीच्या बागेच्या) चढावर मागचे एक चाक अधांतरी फिरत राहिले आणि खताच्या गोण्यांसकट गाडी तासभर तिथेच उभी राहिली. शेजाऱ्यांची फोर्स गुरखा जीप मात्र त्याच वाटेने वर गेली. शिवाय आता वळताना मागून थरथर आणि कटकट असा आवाज येतो, म्हणजे बसवलेली वस्तूच सदोष असावी, असे आपण लिहिले आहे.

आमची चूक कुठे झाली ते आधी सांगतो. आपण आलात तेव्हा डांबरी रस्त्यावर किती चालवता, ओझे किती असते आणि टायर कोणते आहेत, एवढे मी विचारले. आठवड्यातून दोनदा केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला नारळ-सुपारी न्यायची, बाकी बाजारहाट, आणि दिवसातून एकदा कुळागरात उतरायचे, तिथे “थोडा चिखल असतो”, असे आपण सांगितले. ‘चिखल’ हा शब्द ऐकला आणि मी पुढे विचारायचे थांबलो. त्या वाटेवर गाडीचे एखादे चाक जमीन सोडते का, हा प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि खरे तर वाट बघूनच सल्ला द्यायला हवा होता. आपण अभिप्रायासोबत टाकलेल्या छायाचित्रात दिसते, की पाणी वाहून नेणारा पाट तुमच्या वाटेला तिरका छेदतो. तिथे पुढचे डावे चाक पाटात उतरले, की मागचे उजवे हवेत उचलले जाते. हा प्रश्न चिखलाचा नव्हे.

यातला फरक थोडा सविस्तर सांगतो, कारण असाच पिकअप घेऊन इतरही बागायतदार आमच्याकडे येतात. साधे डिफरेन्शिअल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. त्यामुळे एक चाक घसरू लागले, की त्या घसरणाऱ्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. लिमिटेड-स्लिपमधल्या क्लच-प्लेटी स्प्रिंगने दाबलेल्या असतात. त्यांच्या घर्षणामुळे घट्ट जमिनीवरच्या चाकाकडे थोडा अधिक टॉर्क जातो. एका चाकाखाली लाल चिखल आणि दुसऱ्याखाली जांभ्याचा कातळ असेल, तर तेवढ्यावर गाडी निघते, आणि मार्चमध्ये माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र होते.

चाक हवेत लोंबकळू लागले, की हिशेब बदलतो. आपली गाडी गोण्यांसकट अडीच टनांची आणि चढ पाचास एक धरला, तर ती नुसती वर सरकवायला सुमारे ४,८०० न्यूटन जोर लागतो; टायरची त्रिज्या ०.३७ मीटर धरली, तर चाकांवर मिळून १,८०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क हवा, आणि चिखलाचा अडसर त्यात धरलेला नाही. आता हातात काय होते ते पाहा. पुढचे डिफरेन्शिअल साधे असून त्याचे एक चाक पाटात लोंबकळते, म्हणून पुढून जवळजवळ शून्य. मागे, बसवल्यावर आम्ही एक चाक जॅकवर उचलून टॉर्क रेंचने फिरवून पाहिले होते, तेव्हा प्लेटी साधारण १०० न्यूटन-मीटरला सुटत होत्या. म्हणजे टेकलेल्या मागच्या चाकाला मिळाले फार तर शंभर-दोनशे. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत हळू गिअर) टाकून इंजिनाचा जोर कितीही वाढवला, तरी तो टेकलेल्या चाकापर्यंत जायला वाटच नव्हती. प्लेटींऐवजी गिअरचे लिमिटेड-स्लिप असते, तरीही फार फरक पडला नसता. ते घसरत्या चाकाच्या टॉर्कची काही पट दुसरीकडे पाठवते, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच.

अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून हळू अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर हवेतल्या चाकाला रोध मिळतो आणि पलीकडचे चाक थोडेफार ओढू लागते. ही युक्ती गाडी देताना आमच्या मिस्त्रीने आपल्याला तोंडी सांगितली होती, परंतु पावसात, उतारावर, मागे भरलेल्या गोण्या असताना ती आठवावी अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. ती लिहून द्यायला हवी होती. तिच्यावर रोजचा व्यवहार चालवावा असेही मी म्हणणार नाही.

गुरखा कशी गेली, याचे उत्तर सरळ आहे. सध्याच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे कारखान्यातूनच लॉक येतात आणि चालक ते स्वतः लावतो. लॉक लागला, की दोन्ही चाके एकाच दांड्याला जोडल्यासारखी फिरतात, आणि हवेतल्या चाकाचा प्रश्नच उरत नाही.

मग आपण मागितला होता तो लॉकर तेव्हाच का बसवला नाही? येथे मात्र मी आजही माझ्या मतावर ठाम आहे. आपण दाखवलेला लॉकर दात्यांचा, आपोआप लागणारा होता, ज्यात चालकाच्या हाती काहीच नसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की तो दोन्ही चाके एकत्र बांधतो आणि वळणात बाहेरच्या चाकाला वेग हवा असेल तेव्हा कटकन सोडतो. बेळगावला माल उतरवून पिकअप रिकामा परततो, तेव्हा मागे स्प्रिंगच्या पट्ट्यांवर मालाचे वजनच नसते. चोर्ल्याच्या ओल्या वळणावर त्याच क्षणी मागची दोन्ही चाके एकदम घसरली, तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. महिंद्राच्या थार जीपच्या काही प्रकारांत मागच्या अ‍ॅक्सलला येणारा मेकॅनिकल लॉक याहून शहाणा आहे. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारे १०० चा फरक पडल्यावरच तो लागतो आणि ताशी साधारण ३० किलोमीटरच्या वर लागत नाही. पण आपल्या अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनला (दांड्याच्या टोकावरच्या खाचांना) बसेल असा तो मला मिळालेला नाही. बटणाने लागणारा लॉकर मी तेव्हा सुचवला होता. त्याची किंमत जवळजवळ दुप्पट असल्याने आपण नको म्हणालात, आणि ‘थोड्या चिखलासाठी’ कशाला, म्हणून मीही आग्रह धरला नाही.

आता आवाजाविषयी. गेल्या आठवड्यात आपले चिरंजीव गाडी घेऊन आले होते, तेव्हा मी स्वतः डिफरेन्शिअलचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचे बूच) उघडून बोटावर तेल घेतले. ते मधासारखे स्वच्छ निघाले. आम्ही मार्चमध्ये भरलेले, पावसाळाभर चाललेले तेल असे दिसत नाही. चिरंजीवांनी सांगितले, की ओहोळातून गेल्यावर तेल दुधाळ झाले म्हणून दुसरीकडे बदलून घेतले. बदलले हे उत्तमच केले, कारण तापलेले हाउसिंग (डिफरेन्शिअलचे बाहेरचे कवच) थंड पाण्यात शिरले, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. परंतु क्लच-प्लेटींच्या डिफरेन्शिअलला नुसते ८०डब्ल्यू-९० गिअर तेल चालत नाही. त्यात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटींचे घर्षण सौम्य करणारे द्रव्य) घालावा लागतो, नाहीतर वळताना प्लेटी सरळ सरकण्याऐवजी चिकटत-सुटत राहतात आणि तीच थरथर आपल्याला ऐकू येते. वस्तू सदोष नाही. तरीही तेल बदलणाऱ्याला दोष देणार नाही, कारण त्याला कळावे अशी एकही खूण आम्ही गाडीवर ठेवली नव्हती. आता प्रत्येक प्लगला तारेने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बांधतो, तिच्यावर तेलाचे आणि मॉडिफायरचे नाव कोरलेले असते.

आपल्या सोयीच्या दिवशी गाडी आणावी. तेल आणि मॉडिफायर आमच्या खर्चाने भरून देऊ, मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठाच्या आकारात आठ-दहा फेऱ्या मारून ते प्लेटींत मुरवू, आणि ब्रीदरची (हाउसिंगमध्ये हवा जाण्या-येण्याची) नळी वर बॉडीपर्यंत नेऊन बांधू. त्यानंतरही आवाज राहिला, तर प्लेटी उघडून पाहणे आमच्याकडे लागले.

बटणाचा लॉकर हवा असेल, तर लिमिटेड-स्लिप पूर्ण किमतीला परत घेऊ; उघडणे, क्राउन-पिनियन या गिअरांचा बॅकलॅश (दात्यांमधली फट) पुन्हा जुळवणे या दोन दिवसांच्या कामाची मजुरी घेणार नाही, फक्त दोन वस्तूंच्या किमतीतला फरक द्यावा. हवेवर चालणारा आणि विजेवर चालणारा, यांपैकी आपल्यासाठी मी विजेचा निवडीन. कंप्रेसर, हवेच्या नळ्या आणि ओ-रिंगा सांभाळण्यापेक्षा एक वायर आणि एक कनेक्टर ग्रीस लावून कोरडा ठेवणे सोपे पडते. मात्र लॉक लागल्यावर सगळा जोर एकाच अर्ध्या अ‍ॅक्सलवर येऊ शकतो आणि स्टिअरिंग जड होते, म्हणून चढ संपताच बटण बंद करावे. मागचे टायर अजून रस्त्याचेच आहेत, तेही बदलावे लागतील, कारण ओल्या जांभ्यावर एकट्या टेकलेल्या चाकाने पकड सोडली, तर लॉकरही हतबल होतो.

त्याआधी एक विचारतो. त्या पाटात सिमेंटची नळी घालून वर दोन ओळी चिरे बसवले, तर चाक उचललेच जाणार नाही आणि आता आहे तेच डिफरेन्शिअल पुरेल. खर्चही लॉकरच्या मानाने किरकोळ येईल. पाट वाड्यावरच्या इतरांच्याही पाण्याचा असेल, तर ते जमेल की नाही हे आपणच जाणता. म्हणून काही विकत घेण्याआधी मी आणि मिस्त्री येत्या रविवारी वाळपईपर्यंत येतो. पुढे आमची गाडी त्या उताराला चालायची नाही, तेव्हा आपल्याच पिकअपमध्ये बसून पाटापर्यंत जाऊ, आणि मागे नेहमीच्या गोण्या भरलेल्याच असू द्याव्यात.

आपला,
गॅरेजमालक, फोंडा