विषाणू नसतातच, म्हणे!

‘विषाणू अस्तित्वातच नाहीत. एकाही शास्त्रज्ञाने आजवर तो शुद्ध रूपात वेगळा करून दाखवलेला नाही. कॉखच्या अटी कधीच पूर्ण झाल्या नाहीत. प्रयोगशाळेत माकडाच्या पेशी उपाशी मारतात आणि त्यालाच पुरावा म्हणतात. जीनोम संगणकात जुळवतात. सूक्ष्मदर्शकात दिसतो तो पेशींचा कचरा. आजार होतात ते विषारी द्रव्यांनी आणि भीतीने. जर्मनीच्या न्यायालयानेही हे मान्य केलंय.’

कोविडच्या साथीपासून हा मजकूर थोड्याफार फरकाने फिरतोच आहे. शब्द बदलतात, मुद्द्यांचा क्रम बदलतो. एक गोष्ट मात्र कायम राहते. त्यात फक्त माणूस असतो. गुरं नसतात आणि झाडं तर नसतातच. गंमत अशी की विषाणूशास्त्राचा पाया झाडांत आणि गुरांतच घातला गेला. तो पुरावा वगळला तरच या मजकुराला उभं राहायला जागा मिळते. म्हणून एकेक मुद्दा घेताना मी मुद्दाम तिकडे वळणार आहे.

‘कुणीही शुद्ध विषाणू वेगळा केलेला नाही’

१८९२ मध्ये रशियात दिमित्री इवानोवस्की यांनी मोझॅक रोग झालेल्या तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू अडकून पडतील इतकी ती गाळणी बारीक होती. गाळलेला रस निरोगी रोपाला लावला, तरी रोग झालाच. मग हे जिवाणूंनी सोडलेलं विष असेल का? १८९८ मध्ये नेदरलँड्समध्ये मार्टिनुस बायरिंक यांनी या शंकेचा निकाल लावला. विष असतं, तर एका रोपातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पातळ होत संपलं असतं. इथे प्रत्येक रोपात ते नव्याने वाढत होतं, आणि तेही फक्त जिवंत, वाढत्या भागात.

पुढे १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी याच विषाणूचे स्फटिक काढले. ते स्फटिक पाण्यात मिसळून पानाला चोळले, की रोग होई. स्टॅन्ली यांना वाटलं की हे निव्वळ प्रथिन आहे. लवकरच इंग्लंडमध्ये बॉडन आणि पिरी यांनी त्यात आरएनए, म्हणजे जनुकीय माहिती वाहणारा रेणूही असल्याचं दाखवून दिलं. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काड्या दिसल्या, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब. मग १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी या काड्यांतलं प्रथिन आणि आरएनए सुटं केलं आणि परत एकत्र मिसळलं. काड्या आपोआप जुळून आल्या आणि पुन्हा रोग करू लागल्या. एखादी वस्तू वेगळी केली, सुटी केली, परत जोडली आणि ती पूर्वीसारखी चालली, तरी ती नाहीच म्हणायचं, म्हणजे कमाल झाली.

यावर ‘तो तंबाखूचा झाला, माणसाचा दाखवा’ असं उत्तर येतं. पोलिओच्या विषाणूचे स्फटिकही १९५५ मध्येच निघाले. १९८५ मध्ये क्ष-किरणांनी त्याची रचना अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. संगणकातल्या कल्पनेचे स्फटिक होत नाहीत.

विषाणू नुसत्या पोषक द्रवात वाढत नाही, त्याला पेशीतली यंत्रणा लागते, हे मात्र खरं. ‘पेशीशिवाय वाढवून दाखवा, मगच मानू’ ही मागणी त्यामुळेच सोयीची आहे. ती कधी पूर्ण होणार नाही, हे मागणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

‘कॉखच्या अटी पूर्ण झालेल्या नाहीत’

रोबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अटी थोडक्यात अशा: जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा, निरोग्यात सापडू नये, तो शरीराबाहेर शुद्ध रूपात वाढवता यावा, आणि तो निरोगी प्राण्याला दिल्यावर तोच रोग व्हावा. १८८४ च्या सुमारास या अटी नीट क्रमाने मांडल्या त्या कॉख यांचे सहकारी फ्रीडरिख लोफ्लर यांनी, घटसर्पावर काम करताना. आणि १८९८ मध्ये जनावरांचा पहिला विषाणू कुणी शोधला? याच लोफ्लर यांनी, पाउल फ्रॉश यांच्याबरोबर. रोग होता लाळ्या-खुरकूत. फोडातला द्रव गाळून त्यांनी एका जनावरातून दुसऱ्यात दिला, तरी रोगाचा जोर कमी होईना. आपल्याच अटींत न बसणारी गोष्ट समोर आल्यावर त्यांनी ती नाकारली नाही. असा रोगकारक असू शकतो, हे मान्य केलं.

खुद्द कॉख यांनाही पटकीचे जंतू धडधाकट माणसांत सापडले होते, म्हणजे ‘निरोग्यात सापडू नये’ ही अट त्यांच्या हयातीतच डळमळली. कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ मध्ये सापडला, पण प्रयोगशाळेतल्या नुसत्या पोषक माध्यमावर तो आजही वाढत नाही. अटी अक्षरशः लावायच्या तर कुष्ठरोगालाही जंतू नाही म्हणावं लागेल. विषाणूंसाठी या अटींत काय बदल करावे लागतात, हे थॉमस रिव्हर्स यांनी १९३७ मध्येच लिहून ठेवलं.

आता अलीकडचं उदाहरण. एपस्टाइन-बार हा विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात असतो; मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार मात्र फार थोड्यांना होतो. कॉखच्या ‘निरोग्यात सापडू नये’ या अटीला इथे खरोखरच काही अर्थ उरत नाही. मग कारण ठरवायचं कसं? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांची वीस वर्षांची नोंद आणि साठवलेले रक्ताचे नमुने तपासले. आजार झालेल्या ८०१ जणांपैकी एकाच व्यक्तीत आजारापूर्वीच्या शेवटच्या नमुन्यात हा विषाणू येऊन गेल्याची खूण नव्हती. ज्यांना आधी संसर्ग नव्हता, त्यांच्यात संसर्गानंतर आजाराचा धोका सुमारे ३२ पट झाला. त्याच मार्गाने पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूने तो वाढला नाही. सगळ्यांना होणारा संसर्ग थोड्यांनाच का भोवतो, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण तो सोडवायचा रस्ता असा असतो. दीडशे वर्षांपूर्वीची यादी घोकण्याचा नाही.

‘पेशी उपाशी मारतात’

हा मुद्दा ऐकायला हुशारीचा वाटतो. विषाणू वाढवताना पेशींना अन्नद्रव कमी देतात, प्रतिजैविकं घालतात, हे खरं. म्हणूनच शेजारी तशाच पेशी, तोच द्रव, तीच औषधं आणि फक्त रुग्णाचा नमुना नाही, अशी जोडी ठेवतात. शिवाय १९५२ मध्ये रेनातो दुल्बेको यांनी मोजायची रीत दिली: पेशींच्या थरावर विषाणू टाकला की जिथे एक कण रुजतो तिथे एक गोल छिद्र पडतं. नमुना दहापट पातळ केला की छिद्रं दहापट कमी. उपासमारीला असं गणित जमत नाही.

माकडाच्या पेशींवर विश्वास नसेल, तर पानावर जा. १९२९ मध्ये फ्रान्सिस होम्स यांनी दाखवलं की काही जातींच्या तंबाखूच्या पानावर विषाणू चोळला की मोजता येतील असे ठिपके उठतात. पुढे एकाच पानाच्या डाव्या अर्ध्यावर एक द्रावण आणि उजव्या अर्ध्यावर दुसरं लावून तुलना करण्याची पद्धत रूढ झाली. इथे माकड नाही, प्रतिजैविक नाही, उपासमारही नाही.

‘जीनोम संगणकात बनवतात’

सगळ्यांत जास्त टाळ्या घेणारा मुद्दा हा. जीनोम म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराची सगळी अक्षरं, ठरावीक क्रमाने. आज हजारो छोटे तुकडे वाचून संगणकाच्या मदतीने ते जुळवतात, हे बरोबर आहे. पण एमएस२ या जिवाणूभक्षक विषाणूचा ३,५६९ अक्षरांचा पूर्ण जीनोम १९७६ मध्येच वाचून झाला होता, आजची जुळणीची साधनं येण्याच्या कितीतरी आधी.

जुळवलेला क्रम खोटा असता तर काय झालं असतं, हे हेपटायटिस सी ने दाखवून दिलं. रक्त घेतलेल्यांना होणाऱ्या एका काविळीचं कारण १९७० च्या दशकात कुणालाच सापडत नव्हतं. ए नाही, बी नाही, एवढंच कळत होतं. १९८९ मध्ये मायकल हॉटन यांच्या गटाने, विषाणू वाढवता येत नसतानाही, त्याच्या जनुकाचे तुकडे पकडले. इथवर शंकेला जागा होती, आणि शंका शास्त्रज्ञांनीच घेतली: हा क्रम एकटा आजार करू शकतो का? सुरुवातीला त्या क्रमावरून बनवलेला आरएनए कामच करीना. एका टोकाचा तुकडा हुकला होता आणि मधे चुका होत्या. चार्ल्स राइस यांच्या गटाने टोक शोधलं, चुका दुरुस्त केल्या आणि १९९७ मध्ये तो आरएनए चिंपांझींच्या यकृतात टोचला. त्यांना हेपटायटिस झाला, रक्तात विषाणू आला. चुकीचा क्रम निकामी, बरोबर क्रम रोगकारक. ही वेगळी कावीळ आधी ओळखणारे हार्वे ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल यासाठीच मिळालं. आणि याच विषाणूच्या आरएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमवर नेम धरून केलेलं सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ मध्ये आलं. त्यासारख्या औषधांच्या जोडीने आज बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. नसलेल्या विषाणूच्या नसलेल्या एन्झाइमवर औषध लागू पडतं, असं मानायचं का?

२००२ मध्ये एकार्ड विमर यांच्या गटाने याही पुढची पायरी गाठली. पोलिओचा छापील क्रम घेऊन सुमारे साडेसात हजार अक्षरांचा डीएनए रसायनांपासून जोडला, त्यावरून आरएनए केला आणि पेशींच्या अर्कात त्यातून विषाणू तयार झाले. पोलिओ होऊ शकेल असे बदल केलेल्या उंदरांना ते दिले आणि उंदीर लुळे पडले. हा प्रयोग करावा का, यावर वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. पण तो क्रम निरर्थक होता, असं त्यानंतर म्हणता येत नाही.

‘दिसतो तो पेशींचा कचरा’

इथे निम्मी गोष्ट मान्य. पेशी स्वतःही छोट्या पिशव्या बाहेर टाकतात, आणि त्यातल्या काही आकाराने विषाणूएवढ्याच असतात. एकट्या चित्रावर भरवसा ठेवू नये, हे कोणताही विषाणूशास्त्रज्ञ सांगेल. पण पेशीच्या पिशवीत त्याच पेशीचा माल असतो. गोवराच्या विषाणूतला आरएनए माणसाच्या जीनोममध्ये कुठेच नाही. तो पेशीतून आला म्हणायचं, तर पेशीत आधी होता कुठे?

आणि हा आरएनए जुनाही सापडतो. १९१२ मध्ये बर्लिनमध्ये गोवराने मरण पावलेल्या एका लहान मुलीचं फुप्फुस तिथल्या वैद्यकीय संग्रहात फॉर्मलिनमध्ये जपलेलं होतं. त्यातून गोवराचा जीनोम वाचून तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माकडाच्या पेशींत विषाणू वाढवण्याच्या कितीतरी आधीचं हे फुप्फुस. त्याच अभ्यासात गोवराची गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूशी तुलना केली, तेव्हा दोघांची फारकत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास झाली असावी, असा अंदाज निघाला. कचऱ्याला असा वंशवृक्ष नसतो.

‘आजार विषारी द्रव्यांनी आणि भीतीने होतात’

भीतीचं उत्तर पपई देते. ती बातम्या बघत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या पुना भागात १९९२ मध्ये पपईवर रिंगस्पॉट विषाणू आला आणि काही वर्षांतच बागा उद्ध्वस्त झाल्या. मावा कीड तो झाडाझाडांत नेते. डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या कवचाचं जनुक पपईत घातलं. चाचणीच्या शेतात साधी झाडं रोगट झाली आणि शेजारची ही झाडं हिरवीगार राहिली. माती, पाणी, हवा, फवारे सगळं सारखं. मुख्य फरक होता एका जनुकाचा, तोही विषाणूच्या. १९९८ मध्ये ही पपई शेतकऱ्यांच्या हाती आली. विषारी द्रव्यांनी झाडं मरत असती, तर या जनुकाने ती का वाचावीत?

‘न्यायालयानेही मान्य केलंय’

नाही केलेलं. श्टेफान लांका या जर्मन गृहस्थांनी २०११ मध्ये गोवराचा विषाणू सिद्ध करणाऱ्याला एक लाख युरो जाहीर केले. डेव्हिड बार्डेन्स या डॉक्टरांनी सहा शोधनिबंध पाठवले. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने बार्डेन्स यांच्या बाजूने निकाल दिला. २०१६ मध्ये श्टुटगार्टच्या वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कारण एवढंच की जाहिरातीत ‘एकाच’ निबंधाची अट होती आणि पुरावा सहांमध्ये विभागलेला होता. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञाचं मत असं होतं की सहाही निबंध मिळून गोवराचा विषाणू सिद्ध होतो. लांका बक्षिसाची रक्कम देण्यातून सुटले. गोवराबद्दलचा तज्ज्ञाचा निष्कर्ष मात्र त्या निकालाने रद्द झाला नाही.