रहिवाशांचा पार्किंग परवाना आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

गल्लीतल्या रहिवाशांना पार्किंगचे परवाने देण्याचा विषय पुण्यात किंवा मुंबईत निघाला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच असतात. घरासमोरचा रस्ता आमचा आहे. त्यासाठी रोड टॅक्स भरलाय, मग पुन्हा पैसे कसले? हा सामान्य माणसावर बोजा आहे. पैसे भरूनही जागेची हमी नाही. महापालिकेला आणि ठेकेदारांना खायला नवं कुरण हवंय. परदेशात सरकार आधी पार्किंग बांधतं. आणि शेवटी, आहे तसं बरं चाललंय, कशाला हात लावता?

योजना काय असते ते थोडक्यात सांगतो. ठरावीक भागातल्या रस्त्यांवर त्या भागात राहणाऱ्यांना वर्षाचं शुल्क घेऊन गाडी लावायची परवानगी मिळते. बाहेरून आलेल्याने तासाचे पैसे द्यायचे किंवा थोडाच वेळ थांबायचं. मी या योजनेच्या बाजूचा आहे. तरीही मेसेजमधले दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. जागेच्या हमीचा आणि ठेकेदाराचा. बाकीचे टिकत नाहीत.

घरासमोरचा रस्ता आमचा

प्रॉपर्टी कार्डावर इमारतीची जी हद्द दाखवलेली असते तिच्यापुढचा सार्वजनिक रस्ता कायद्याने महापालिकेच्या ताब्यात असतो, आणि तोही सगळ्यांच्या वापरासाठी. फाटकातून गाडी आत-बाहेर करता यावी एवढा तुमचा हक्क आहे, आणि कोणी फाटक अडवलं तर तक्रारही करता येते. पण कंपाउंडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यावर तुमचा जेवढा हक्क, तेवढाच समोरच्या वाड्यातल्या भाडेकरूचा आणि तिथून पायी शाळेत जाणाऱ्या पोराचा.

पुण्यातल्या सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या कुठल्याही बोळात जाऊन बघा. भिंतीशी सिमेंट भरलेला रंगाचा डबा असतो, त्यात लोखंडी पाइप रोवलेला. पुढे दोन कुंड्या, एखादी पाय मोडलेली खुर्ची, दोरी बांधलेला टायर. मधेच कव्हर घातलेली एक गाडी, टायर जमिनीला टेकलेले, खाली पाचोळ्याचा थर इतका की झाडूवालीला तिथे झाडू घालताच येत नाही. म्हणजे जागेचं वाटप आजही होतंच आहे. ज्याचं दुकान तळमजल्यावर आहे, ज्याचा आवाज मोठा आहे किंवा जो सगळ्यात आधी कुंडी ठेवतो, त्याच्या नावावर जागा लागते. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सला रात्रपाळीहून येऊन कुंडी सरकवायची हिंमत होत नाही. परवान्याची यादी प्रभाग कार्यालयात लागली, तर निदान कोणाला कुठल्या नियमाने जागा मिळाली हे तिला विचारता येईल. कव्हरखालच्या त्या गाडीला वर्षाकाठी काही रक्कम भरावी लागली, तर मालक ती विकेल किंवा भंगारात तरी काढेल.

रोड टॅक्स भरलाय

गाडी घेताना आपण आरटीओत जो एकरकमी कर भरतो, तो मोटार वाहन कर. तो राज्याच्या तिजोरीत जातो आणि गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी असतो. गल्लीतलं डांबर, दिवे, पावसाळी गटारं ही महापालिका करते, मुख्यतः मालमत्ता करातून आणि जकात-एलबीटी गेल्यानंतर राज्याकडून मिळणाऱ्या पैशातून. मालमत्ता कर गाडी नसलेलेही भरतात. कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या सायकल चालवणाऱ्या पेन्शनर काकांनी भरलेल्या पैशातून झालेल्या रस्त्यावर आपली गाडी रात्रंदिवस उभी राहते, याचा हिशोब कुठेच होत नाही.

मोठ्या गाडीला बांधकाम नियमावलीत अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळजवळ १३५ चौरस फूट. मध्यमवर्गीय घरातली एक बऱ्यापैकी खोली. एवढी जागा गाडी व्यापते तर तिचं मोल पार्किंगच्या शुल्कात दिसावं, असं केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात मागणी किती होते ते बंगळुरूच्या धोरणात दिसतं. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या त्या धोरणात रहिवासी परवान्याचं शुल्क छोट्या गाडीला वर्षाला १,००० रुपये आणि मोठ्या एसयूव्हीला ५,००० असं सुचवलं होतं. छोट्या गाडीला दिवसाचे तीन रुपयेही नाहीत.

सामान्य माणसावर बोजा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात शंभरातल्या आठ कुटुंबांकडेसुद्धा चारचाकी नाही. शहरांत प्रमाण जास्त आहे, तरी चारचाकीवाला म्हणजे सामान्य माणूस असं गणित पुण्या-मुंबईतही मांडता येत नाही. सामान्य माणूस बसची वाट बघत उभा असतो, आणि ती बस डबल पार्किंगमुळे अडकलेली असते.

पण रिक्षावाल्याचा आणि छोट्या टेम्पोवाल्याचा प्रश्न खरा आहे. त्यांची गाडी म्हणजे त्यांची रोजीरोटी, आणि वस्तीत तिला दुसरी जागा नसते. त्यांना नाममात्र शुल्कात परवाना द्यावा आणि दुचाकींसाठी वेगळे, स्वस्त पट्टे आखावेत, हे योजनेत लिहूनच घेतलं पाहिजे. मेसेजमध्ये रिक्षावाल्याचं नाव येतं, त्याच्यासाठी मागणी मात्र एकही येत नाही.

पैसे भरूनही जागेची हमी नाही

हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, कारण योजना बिघडते ती इथेच.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने वर्षानुवर्षं रहिवासी परवाने फुकट दिले, एका घराला किती गाड्या यावरही मर्यादा ठेवली नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. रस्त्यावरच्या जागांपेक्षा परवाने जास्त झाले आणि परवाना खिशात असूनही लोक फेऱ्या मारत राहिले. असा परवाना आपल्याकडे आला तर मीही विरोधच करेन.

आपल्या एखाद्या गल्लीचं गणित मांडू. समजा १०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूंना मिळून आठ इमारती, प्रत्येकीत दहा घरं. गाडी एकाच बाजूला, रस्त्याला समांतर लावायची. एका गाडीला मागेपुढे काढायच्या जागेसह सहा मीटर धरले तर सोळा गाड्या बसतात. त्यातून फाटकं, कोपऱ्यावरचं वळण, विजेची डीपी आणि कचऱ्याची गाडी थांबायची जागा वजा करा. दहा-अकरा उरतात. घरं ऐंशी. निम्म्यांकडे जरी चारचाकी असली तरी चाळीस गाड्या आणि अकरा जागा.

परवान्याने बारावी जागा तयार होत नाही. अकरा जागा कोणाला, हे उघडपणे ठरतं. त्यासाठी आधी जागा मोजून, रंगाने आखून, तेवढेच परवाने काढावे लागतात. दिव्यांग व्यक्ती असलेल्या घराला आधी, मग ज्यांच्या इमारतीत पार्किंगच नाही अशा जुन्या वाड्यांना, एका घराला एकच, आणि तरीही अर्ज जास्त आले तर सोडत. दरवर्षी नव्याने. ज्यांच्या इमारतीत स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावरचं पार्किंग, मंजूर आहे त्यांनी आधी ते मोकळं करावं. पेठांत आणि कोथरूडमध्ये कितीतरी इमारतींच्या स्टिल्टमध्ये आज शटर लावून गोदामं आणि क्लास चालतात, आणि तिथल्या गाड्या रस्त्यावर येतात. स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, म्हणजे ही जागा परत मागायला सोसायटीला आधार आहे.

उरलेल्या गाड्यांचं काय? रात्री रिकामी पडणारी बँकांची, शाळांची, मंगल कार्यालयांची आवारं भाड्याने मिळू शकतात. रस्ता फुकट आहे तोवर ते भाडं कोणी भरणार नाही. आणि काही घरांना दुसऱ्या गाडीचा विचार सोडावा लागेल. ऑगस्ट २०२१ मध्ये नवी मुंबईतल्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानेही हेच बोलून दाखवलं होतं, की एकच फ्लॅट असलेल्या कुटुंबाकडे पार्किंगची जागा नसेल तर त्यांना चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत.

महापालिकेची आणि ठेकेदाराची कमाई

आपल्याकडे पे अँड पार्कचा ठेका म्हटलं की काय होतं हे सगळ्यांनी पाहिलंय. पावतीवर एक रक्कम, तोंडी दुसरी, आणि बोर्ड असा टांगलेला की दर वाचताच येऊ नये. म्हणून हा संशय मी कोणालाही चुकीचा म्हणणार नाही. त्याला उत्तर म्हणून कुंपण घालावं लागतं, आणि ते घालता येतं.

लंडनमधल्या बार्नेट भागाच्या नगरपरिषदेने २०११ मध्ये रहिवासी परवान्याचं शुल्क ४० पौंडांवरून १०० पौंड केलं, आणि पाहुण्यांसाठीची चिठ्ठी एका पौंडाची चार पौंडांना केली. वाढीव पैसा परिषदेच्या इतर रस्ते-वाहतूक खर्चाला वापरायचा होता. रहिवासी न्यायालयात गेले. जुलै २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ती वाढ बेकायदा ठरवली. ज्या कायद्याखाली हे शुल्क घेतलं जातं तो रहदारीच्या व्यवस्थेसाठी आहे, महसूल गोळा करण्यासाठी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. लोक परवान्याच्या विरोधात गेले नव्हते. परवाना ठेवून त्यांनी लूट थांबवली.

आपल्या योजनेतही असं कलम हवं. पैसा प्रभागाच्या स्वतंत्र खात्यात, खर्च त्याच प्रभागातल्या फुटपाथवर आणि दिव्यांवर, दर तिमाहीचा जमाखर्च कार्यालयाच्या फलकावर. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारपेठेत पार्किंगचे मीटर लावले तेव्हा दुकानदार बिथरले होते. मीटरचा पैसा याच भागाच्या फुटपाथ-दिव्यांवर खर्च होईल असं ठरल्यावर ते तयार झाले. रहिवासी परवान्याचं शुल्क वर्षातून एकदाच, ऑनलाइन भरायचं असतं. रस्त्यावर रोख घेणारा माणूसच नसला तर ठेकेदाराला हात मारायला जागा फार उरत नाही.

परदेशात आधी पार्किंग बांधतात

जपानचं उदाहरण या वाक्याच्या पुढे नेहमी दिलं जातं, आणि ते अगदी उलट आहे. तिथे १९६२ पासून कायदा आहे. गाडी नोंदवायची तर घरापासून दोन किलोमीटरच्या आत आपली पार्किंगची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. जागा सरकार देत नाही, मालकाने शोधायची. आपल्याकडे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये असाच विचार बोलून दाखवला तेव्हा मध्यमवर्गाने गाडी घ्यायचीच नाही का, अशी ओरड झाली.

नुसतं बांधून काय होतं ते मुंबईने दाखवलंय. सार्वजनिक वाहनतळ बांधले गेले, पण शेजारचा रस्ता फुकट होता म्हणून लोक रस्त्यावरच गाड्या लावत राहिले. शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेला वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा पार्किंगला हजारो रुपयांचा दंड लावावा लागला. वाहनतळ हवेतच, पण त्यांच्या दारातला रस्ता फुकट ठेवून ते भरत नाहीत.

आहे तसं बरं चाललंय

आहे तसं ठेवणं पुण्यात करून पाहिलं आहे. मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण महापालिकेच्या सभागृहात आलं तेव्हा विरोधामुळे रात्रीचं शुल्क वगळलं गेलं, आणि दिवसाचं फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून ठेवलं. तेही पुढे वर्षानुवर्षं रखडलं. त्याच सुमारास शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली होती. जो रस्ता आपण तेव्हा फुकट वाचवला, तो आज कसा आहे?

वरची तीच सहा मीटरची गल्ली घ्या. दोन्ही बाजूंना गाड्या, आरसे आणि भिंतीपासूनचं अंतर धरून प्रत्येकी दोन मीटर. मधे दोन मीटर उरतात. अग्निशमनाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. तो कोपऱ्यावरच थांबतो आणि जवान पाइप खांद्यावर घेऊन धावतात. रुग्णवाहिका आत शिरली तरी तिचं दार पूर्ण उघडत नाही, म्हणून स्ट्रेचर कोपऱ्यापर्यंत हातावर न्यावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलेल्या आजींना अजून पन्नास मीटर तसंच उचलून न्यायचं असतं, बाजूने स्कूटर हॉर्न वाजवत असतात. हे बरं चाललंय असं मला म्हणवत नाही.

यातलं एक काम परवान्याची वाट न पाहता सुरू होऊ शकतं. सहा मीटर किंवा त्याहून अरुंद प्रत्येक गल्लीत एक बाजू कायमची मोकळी ठेवायची, दुसऱ्या बाजूला जागा आखून त्यांना नंबर घालायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली पार्किंगची ठिकाणं ठरवायचा अधिकार आहेच. आपल्या गल्लीत किती नंबर पडतात ते मोजून तो आकडा त्या मेसेजच्या खाली टाका, आणि किती परवाने द्यायचे यावर ग्रुपवर बोलायला सुरुवात करा.