टपावरचे लाईट आणि ‘कुणी काही बोलत नाही’ नावाचा कायदा

फोर बाय फोरच्या टपावर जादा लाईट बसवले तर कायद्याने चालतं का? एवढा साधा प्रश्न. हो किंवा नाही, नाहीतर ‘अमुक अटीवर चालतं’ असं एका वाक्याचं उत्तर हवंय. ते सोडून बाकी सगळं मिळतं. "माझ्या गाडीवर आहेत की, अजून कुणी काही बोललेलं नाही." "वर लावले की नियम लागू होत नाही." "कव्हर घाल, मग कसली भानगड?" आणि डोकं फिरवणारं उत्तर म्हणजे, "उघड विकतात म्हणजे लीगलच असणार ना!"

अरे, उघड तर हजार गोष्टी विकल्या जातात. विकायला बंदी नसणं वेगळं आणि सार्वजनिक रस्त्यावर पेटवायला परवानगी असणं वेगळं. पण हे कुणी सांगत नाही, कारण सांगितलं की धंदा बसतो.

मला लाईट हवेत ते मिरवायला नकोत. रात्री कच्च्या वाटेवर चढ संपून गाडीचं नाक आभाळाकडे गेलं की हेडलाईट ढगांत जातात आणि पुढे वाट आहे की दरी, ते कळत नाही. तिथे वरून पडणारा पसरट उजेड खरंच कामाचा. रुतलेली गाडी काढताना, तंबू ठोकतानाही. म्हणजे गरज खरी आहे. म्हणून रीतसर करावं म्हटलं, तर रीतसर म्हणजे काय हेच सांगणारा माणूस भेटेना.

अ‍ॅक्सेसरीजवाल्याने नमुना म्हणून एक गाडी दाखवली. टपावर भलामोठा एलईडी बार, म्हणजे दिव्यांची लांब पट्टी. वायर काचेच्या कडेच्या रबरातून खाली आणलेली, बॉनेटच्या फटीत चेपलेली, आणि थेट बॅटरीच्या प्लसला. स्टिअरिंगखाली दुहेरी टेपने चिकटवलेला एक लाल स्विच. मी म्हटलं, अप्पर, म्हणजे हेडलाईटचा लांबचा झोत, लावा. लावला. बार लावा. लावला, समोरची भिंत पांढरीफटक. आता डिपर मारा. हेडलाईट खाली आले आणि टपावरचा बार तसाच ढणाढणा पेटलेला. "हा विझला नाही," मी म्हटलं. तो म्हणतो, "त्याचा स्विच वेगळा आहे ना साहेब, पाहिजे तेव्हा बंद करायचा."

पाहिजे तेव्हा! समोरून ट्रक येतोय, एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, आणि मी गुडघ्याजवळ स्विच चाचपतोय. तेवढ्यात समोरचा माणूस आंधळा झालेला असतो.

सगळ्या कायद्यांची मेख नेमकी इथे आहे. बहुतेक युरोप आणि इतर बरेच देश संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४८ मानतात. त्यात स्पष्ट म्हटलंय की अप्परवरून डिपरवर आलं की सगळे अप्पर एकाच वेळी विझले पाहिजेत. सगळे म्हणजे सगळे. शिवाय अप्पर चालू असल्याचा इशारा डॅशबोर्डवर दिसला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर वापरायचा जादा अप्पर हा रिलेमधून अप्परच्या सर्किटला जोडलेला हवा. रिले म्हणजे काही रॉकेट नव्हे, एका सर्किटच्या इशाऱ्यावर दुसरं चालू-बंद करणारी काडेपेटीएवढी डबी. ती लावायची सोडून हे लोक बॅटरीला वायर चिकटवतात आणि वर शहाणपणा शिकवतात.

त्याच नियमात एकाच वेळी पेटणाऱ्या सगळ्या अप्परची मिळून तीव्रता ४,३०,००० कँडेलाच्या (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेचं एकक) पुढे जाऊ नये अशी मर्यादा आहे. पूर्वी ती २,२५,००० होती, म्हणजे वाढवून दिलीय, तरी यांना पुरत नाही. हिशोब सोपा व्हावा म्हणून मान्यताप्राप्त अप्परच्या काचेवर वर्तुळातल्या ‘ई’ या खुणेजवळ एक संदर्भ आकडा छापलेला असतो. एकत्र पेटणाऱ्या सगळ्या लाईटचे आकडे मिळवायचे, बेरीज १०० च्या आत हवी. मूळ हेडलाईट २०-२० चे असले तर जाद्या लाईटसाठी ६० उरले. पहिलीतल्या पोराला जमेल असं गणित. दुकानात जाऊन विचारा, "या बारचा संदर्भ आकडा किती?" माणूस असा बघतो की जणू आपण त्याची जन्मपत्रिका मागितली.

त्याऐवजी खोक्यावर काय असतं? लुमेन, म्हणजे सगळ्या दिशांचा मिळून एकूण उजेड! ३०,००० लुमेन, ५०,००० लुमेन, मनाला येईल तेवढी शून्यं. एक तर हे आकडे बऱ्याचदा आतल्या एलईडी चिपच्या कागदोपत्री क्षमतेची नुसती बेरीज असतात. उष्णतेत आणि लेन्समध्ये किती गेलं ते कुणी मोजत नाही. दुसरं, कायद्याला लुमेनशी देणंघेणंच नाही. उजेड एकूण किती यापेक्षा एका दिशेला किती तीव्र जातो हे समोरच्याच्या डोळ्यांसाठी महत्त्वाचं, आणि ते कँडेलात मोजतात.

वॉटची तर निव्वळ फेकाफेक. मी बघितलेल्या खोक्यावर ३०० वॉट लिहिलेलं. १२ व्होल्टला ३०० वॉट म्हणजे २५ अँपिअर. आणि सोबत आलेल्या वायरिंगमध्ये फ्यूज होता १५ चा! म्हणजे एक तर फ्यूज पहिल्याच मिनिटाला उडणार, नाहीतर ३०० वॉट ही थाप आहे. फ्यूज उडत नाही, यावरून काय ते समजा.

त्यातल्या त्यात जे थोडंफार खरं छापतात ते म्हणजे ‘१ लक्स १ किलोमीटरवर’. तेही अभिमानाने! लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडणारा उजेड. आता मीटरमधल्या अंतराचा वर्ग करा आणि लक्सने गुणा: १ किलोमीटरवर १ लक्स म्हणजे १० लाख कँडेला. हेडलाईट बाजूलाच ठेवा, हा एकटा बारच मर्यादेच्या दुपटीपलीकडे. ४,३०,००० कँडेलाला १ लक्सचं अंतर साधारण ६५६ मीटर भरतं. त्यापुढचा आकडा छापला की आपण रस्त्यावर चालणार नाही याची जाहिरातच केली. पण गिऱ्हाईक खूश, कारण आकडा मोठा.

आणि मग खोक्याच्या खालच्या कडेला, मुंगीच्या अक्षरात: ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’. एवढं छापलं की विकणाऱ्याचे हात वर. वरच्या बाजूला फोटो मात्र गुळगुळीत डांबरी रस्त्यावरून सुसाट निघालेल्या गाडीचा. पकडले गेलात? आम्ही लिहिलं होतं की. कुणाला दिपवलंत? लिहिलं होतं की. काउंटरवरच्या माणसाला हे वाचून दाखवलं तर तो हसला. "ते सगळ्यांवरच असतं."

काही बारांवर ‘डॉट अप्रूव्ह्ड’ असा चकचकीत स्टिकर असतो. अमेरिकेचं परिवहन खातं म्हणे मान्यता देतं. मुळात ते खातं असे दिवे तपासून मंजूर करतच नाही. तिथे उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो की माझा माल मानकात बसतो. आणि १०८ क्रमांकाचं जे संघीय मानक आहे ते मुख्यतः हेडलाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर अशा आवश्यक दिव्यांचं. जादा दिव्याने त्या आवश्यक दिव्यांच्या कामात अडथळा आणू नये, एवढं ते बघतं. बाकी राज्यांचे कायदे. म्हणजे जी मान्यता कुणी देतच नाही, तिचा स्टिकर. याला धाडस लागतं, मानलं.

"पण मोठ्या अमेरिकन पिकअपच्या टपावर कंपनीतूनच लाईट येतात," हे सांगणारा एक तरी भेटतोच. बाबा रे, ते तीन छोटे नारिंगी दिवे पुढचं दिसायला नसतात. तिथे ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद गाडीला ते लावावेच लागतात, धूड येतंय हे लांबून कळावं म्हणून. त्यांचा आणि तुझ्या सर्चलाईटचा काय संबंध?

कायदा कुठेच सरळ नाही असंही नाही, म्हणून तर जास्त चीड येते. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं २४४११ वं कलम बघा. ऑफ-रोडसाठी जास्तीत जास्त ८ दिवे लावा. उंची जमिनीपासून किमान १६ इंच, आणि प्रवासी कक्षाच्या माथ्यापासून १२ इंचांहून वर नको. वायरिंग बाकी दिव्यांपासून स्वतंत्र. सार्वजनिक रस्त्यावर आलात की बंद, आणि वर अपारदर्शक झाकण. संपलं. पटो न पटो, काय करायचं ते कळतं. अपारदर्शक हा शब्द तिथे उगाच नाही. आपल्याला कव्हर म्हणून काय गळ्यात मारतात? पिवळं पारदर्शक प्लास्टिक! "घातलं की फॉगलाईट होतो साहेब." कप्पाळ होतो.

ब्रिटनचे १९८९ चे प्रकाशयोजना नियम तर वापरावरच बोट ठेवतात: हेडलाईट असो वा पुढचा फॉग, रस्त्यावरच्या इतरांचे डोळे दिपतील असा वापरायचा नाही. कामाचा दिवा, म्हणजे वर्क लॅम्प, फक्त कामाची जागा, अपघात किंवा बंद पडलेली गाडी उजळायला. भारताच्या १९८९ च्याच केंद्रीय मोटार वाहन नियमांत १११ वा नियम आहे, आणि तो आणखी कडक. गाडीच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट नाही, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी असेल तरच. १०६ वा नियम तर समोरच्याच्या डोळ्यांचं ठिकाणसुद्धा मोजून देतो: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंच. तिथे डोळे दिपता कामा नयेत, झोत कायमचा खाली वळवलेला हवा. आता टपावरून फेकलेल्या ढगळ झोताला या कसोटीवर उभा करा.

म्हणजे तपशील देशागणिक वेगळे, पण उत्तर आहे. बसवणं बऱ्याच ठिकाणी चालतं, काही ठिकाणी तेही नाही. सार्वजनिक रस्त्यावर पेटवायचे तर मान्यतेची खूण हवी आणि डिपरसोबत विझायला हवेत, नाहीतर पेटवायचे नाहीत. हे एवढं सांगायला दुकानदाराची जीभ का जड होते?

आता ‘वर लावले की कुणाला त्रास होत नाही’ वाल्या महाभागांकडे वळू. त्रास पहिला तुम्हालाच होतो, फक्त कळत नाही. टपाच्या पुढच्या कडेला बार लावला की त्याचा खालचा उजेड स्वतःच्याच बॉनेटवर पडतो. बॉनेट पांढरं असेल तर बघायलाच नको. ती चमक सतत डोळ्यांत, बुबुळं आवळलेली, आणि लांबचा अंधार उलट जास्त गडद. त्यात धूळ, धुकं किंवा पाऊस आला की संपलंच. उजेड डोळ्यांच्या वरून, जवळपास नजरेच्याच रेषेत जातो, प्रत्येक कणावर आपटून सरळ आपल्याकडे परततो, आणि पुढे नुसती पांढरी भिंत. फॉगलाईट बंपरमध्ये खाली का असतात, याचा विचार एकदा तरी केलाय? शिवाय वेग घेतला की बार शीळ घालतो, आणि टपाला भोकं पाडली असतील तर पहिल्या पावसात कळतंच.

यांच्याहून वाईट म्हणजे सूड घेणारे. "समोरच्याने अप्पर सोडला नाही की मी बार मारतो, मग कसा जागेवर येतो बघ." जागेवर येतो? दोघंही ताशी ८० ने येत असाल तर मधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होतंय. दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात. म्हणजे ज्याला काही दिसत नाही अशा माणसाला तुम्ही स्वतः तयार केलंत, आणि तो आता तुमच्याच दिशेने येतोय. अक्कल गहाण टाकून आलात का?

तपासणीचीही तीच रड. एक अधिकारी बार बघून पुढे जा म्हणतो, दुसरा तोच बार उतरवायला लावतो, तिसरा कव्हर बघून खूश. कुणीही डिपर मारून बघत नाही. काचेवरची खूण कुणी वाचत नाही. एक मिनिटाचं काम आहे. त्यामुळे ज्याने रिले लावला, खुणेचे दिवे घेतले, आकड्यांची बेरीज केली, तो आणि लाल स्विचवाला एकाच मापात मोजले जातात. मग रिलेसाठी कोण धडपडेल?

मी शेवटी त्या अ‍ॅक्सेसरीजवाल्याला कागदावर लिहून दिलं: खुणेचे दोन दिवे, बंपरवर, अप्परच्या सर्किटवरून रिले, टपावर मागच्या बाजूला एक वर्क लॅम्प, गाडी उभी असतानाच लागेल असा. त्याने कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही बघितलं, आणि म्हणाला, "एवढं कुणी करत नाही साहेब. त्यापेक्षा बार लावा, कव्हर फ्री देतो."