फ्रान्सचा पैसा आफ्रिकेत नव्हे, सेंट पीटर्सबर्गला गेला

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला: शाळेच्या गटावर, सोसायटीच्या गटावर आणि पुतण्याकडून. मजकूर थोडक्यात असा. फ्रान्सने शे-सव्वाशे वर्षांपूर्वी आपला सगळा पैसा आफ्रिका-आशियातल्या वसाहतींत गुंतवला. तिथे रेल्वे, खाणी, मळे उभारले. हा पैसा रोथशिल्डसारख्या मूठभर सावकारांचा होता. वसाहतींच्या नफ्यावर पॅरिस उभं राहिलं. आजही आफ्रिकेतले १४ देश फ्रान्सला दरवर्षी ५०० अब्ज डॉलर ‘वसाहत-कर’ भरतात. भारतात मात्र राफेलच्या आधी फ्रेंच पैसा आलाच नाही. आणि शेवटी ठसक्यात: फ्रान्सने लावलेला पैसा कधी बुडाला नाही.

लिहिणाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. वसाहतींत फ्रान्सने काय केलं ते मी झाकायला बसलेलो नाही, उलट खाली त्याबद्दलच जास्त लिहिलंय. पण आरोप करायचा तर हिशेब नीट हवा. मी जन्मभर बँकेत खतावण्या जुळवल्या, त्यामुळे चुकीची बेरीज दिसली की मला झोप लागत नाही.

‘सगळा पैसा वसाहतींत’ या पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करू. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा फ्रेंच लोकांनी परदेशात लावलेला पैसा सुमारे ४५ अब्ज फ्रँक होता. त्यातले ११ अब्जांहून जास्त एकट्या रशियात होते. लॅटिन अमेरिकेत सुमारे ६ अब्ज, स्पेन-पोर्तुगालात जवळपास ४, तुर्की साम्राज्यात ३ अब्जांच्या वर. युरोपचा एकूण वाटा साठ टक्क्यांच्या आसपास. आणि अल्जीरियापासून इंडोचायनापर्यंत साऱ्या फ्रेंच वसाहती धरून? सुमारे ४ अब्ज. शंभर फ्रँकांतले नऊ. ब्रिटनचा त्या वेळचा परदेशी पैसा मात्र जवळपास निम्मा त्यांच्या साम्राज्यात होता. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा इंग्रजांची खतावणी फ्रेंचांच्या नावावर चढवली आहे.

हा पैसा पसरला कसा, हे जास्त मजेशीर आहे. आधी शेजारपाजार. १८५२ मध्ये पेरेर बंधूंनी पॅरिसात ‘क्रेदी मोबिलिये’ ही बँक काढली आणि ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेत, स्पेनच्या उत्तरेकडच्या रेल्वेत पैसा ओतला. त्यांचे हाडवैरी रोथशिल्ड स्पेनमध्येच माद्रिद–सारागोसा–अलिकांते मार्ग बांधत होते. दोन घराण्यांची भांडणं पॅरिसची आणि रूळ स्पेनचे, असा प्रकार. मग पैसा भूमध्य समुद्र ओलांडून तुर्कस्तान आणि इजिप्तकडे वळला. तुर्कस्तानचा सुलतान आणि इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव दोघंही उसनवारीत बुडाले, तेव्हा इजिप्तमध्ये १८७६ साली धनकोंची कर्ज-तिजोरी बसली. इस्तंबूलमध्ये १८८१ साली ‘सार्वजनिक कर्ज प्रशासन’ उभं राहिलं. मीठ, मुद्रांक, दारू, मासळी यांवरचा तुर्की कर गोळा करून थेट युरोपातल्या धनकोंना पोचवायचा, हे त्याचं काम. गावातल्या सावकाराने शेतकऱ्याच्या खळ्यावर माणूस बसवावा, तसं. इथे कुठेही वसाहत नव्हती. झेंडा न रोवताही वसुली होते, एवढं तरी मजकूर लिहिणाऱ्याने लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

तिसरा टप्पा रशियाचा. नोव्हेंबर १८८७ मध्ये जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने जर्मन सरकारी बँकेला हुकूम दिला की रशियन रोखे तारण ठेवून कर्ज द्यायचं नाही. बर्लिनचं दार बंद झाल्यावर झारचं अर्थखातं पॅरिसला गेलं. १८८८ मध्ये ५० कोटी फ्रँकांचं पहिलं मोठं कर्ज निघालं आणि मग थांबलंच नाही.

‘रेल्वे, खाणी, मळे उभारले.’ काही ठिकाणी उभारले, स्पेनचं वर आलंच. पण फ्रेंच पैशाचा फार मोठा भाग सरकारी रोख्यांत होता. त्या पैशातून झार सैन्य पोसत होता, जुन्या कर्जाचं व्याज भरत होता आणि अधूनमधून रूळही टाकत होता. १९१६ मध्ये लेनिनने ब्रिटिश साम्राज्यवादाला वसाहतींचा आणि फ्रेंच साम्राज्यवादाला व्याजखाऊ म्हटलं, ते यामुळेच. पुढे त्याच लेनिनने या व्याजखाऊंचं काय केलं ते शेवटी येईल.

आता ‘मूठभर सावकारांचा पैसा’. इथे थोडं थांबतो, कारण सगळी गंमत आणि सगळं दुःख इथे आहे.

झारच्या काळातला एखादा रशियन रोखा बघा. जुन्या वस्तूंच्या बाजारात ते आजही विकायला येतात. मोठा थोरला रंगीत कागद, वर दोन डोक्यांचा गरुड, रशियनबरोबर फ्रेंच मजकूर. किंमत १२५ सुवर्ण रूबल, म्हणजेच ५०० फ्रँक. व्याज ४ टक्के, वर्षाला २० फ्रँक. कागदाला छोट्या कुपनांच्या रांगा. तारीख आली की कात्रीने कुपन कापायचं, बँकेच्या खिडकीवर द्यायचं, पैसे मोजून घ्यायचे. फ्रेंच सरकारी रोख्याला ३ टक्के मिळत, त्यामुळे एक टक्का जास्त. तो एक टक्का कुणाला हवा होता? निवृत्त मास्तरांना, गावच्या नोटरीला, किराणा दुकानदाराला, मुलीच्या हुंड्यासाठी पैसे साठवणाऱ्या शेतकऱ्याला. महायुद्धानंतर मोजदाद झाली तेव्हा रशियन रोखेधारक पंधरा लाखांच्या पुढे निघाले.

हे लोक आणले कुणी? बँकांच्या शाखांनी. आंरी जेर्मेंने १८६३ मध्ये ल्योंमध्ये काढलेली ‘क्रेदी ल्योने’ आणि पुढच्या वर्षीची ‘सोसिएते जेनेराल’ यांनी शाखांचं जाळं विणलं. शाखेत ठेव ठेवायला आलेल्या माणसाला रोखा विकायचा आणि त्यावर दलाली कमवायची. क्रेदी ल्योनेने तर १८७८ मध्ये रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गलाच शाखा उघडली. आपल्याकडे ‘बँकेपेक्षा दोन टक्के जास्त’ म्हणत दारात येणारा एजंट आणि त्याला हो म्हणणारे शेजारी आठवा. माणसं तीच, टोप्या वेगळ्या.

वर्तमानपत्रं गप्प का बसली? त्यांना पैसे मिळत होते. पॅरिसमध्ये आर्थर राफालोविच नावाचा रशियन अर्थखात्याचा माणूस बसलेला असे. कुठल्या पत्राला किती द्यायचे, याचा पत्रव्यवहार तो करी. १९१७ च्या क्रांतीनंतर लेनिनच्या बोल्शेविकांनी ती पत्रं बाहेर काढली आणि १९२३-२४ मध्ये ‘ल्युमानिते’ या कम्युनिस्ट दैनिकाने ती छापली. तोवर वाचकांचे पैसे गेले होते.

रोथशिल्ड यात होते, अर्थातच. रोखे बाजारात आणायचे, दलाली घ्यायची, धोका मात्र लहान माणसाच्या कपाटात ठेवायचा, हे त्यांना आणि सगळ्याच मोठ्या बँकांना उत्तम जमत होतं. पण ‘एका घराण्याने जग विकत घेतलं’ हे वाक्य कुठल्या कारखान्यात तयार होतं ते मला माहीत आहे. रोथशिल्ड ज्यू होते, आणि ज्यूंबद्दलचा तो जुना विखार आहे आणि मराठीत आणून तो शुद्ध होत नाही.

इजिप्तमधल्या सुएझ कालव्याचंही तेच. १८५८ साली कालवा कंपनीने ५०० फ्रँकांचे चार लाख शेअर काढले. त्यातले दोन लाखांहून जास्त वीस हजारांवर फ्रेंच लोकांनी घेतले. इंग्रज तेव्हा नाक मुरडत होते. १८७५ मध्ये खेदिव कफल्लक झाला, तेव्हा त्याच्याकडचे १,७६,६०२ शेअर ब्रिटिश सरकारने ४० लाख पौंडांना उचलले.

हे सगळं सरकारच्या हुकमाने झालं, असं मजकुरात नाही, पण त्याखालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी लिहिलं होतं. अर्धं खरं आहे. परदेशी रोख्याची पॅरिसच्या शेअर बाजारात नोंद व्हायची तर सरकारची संमती लागे. १९०३ मध्ये जर्मनांच्या बगदाद रेल्वेला ती मिळाली नाही. १९०६ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनीशी चाललेल्या भांडणात रशिया फ्रान्सच्या बाजूने उभा राहिला, आणि लगेच झारला सव्वादोन अब्ज फ्रँकांचं कर्ज मिळालं, त्यातला निम्म्याहून जास्त भाग पॅरिसचा. नुकत्याच दडपलेल्या १९०५ च्या क्रांतीनंतर झारची गादी या पैशाने सावरली. सरकार दार उघडत होतं किंवा लावत होतं, पण लोकांना हाताला धरून कुणी आत ढकललं नाही. एक टक्का पुरेसा होता.

आता सर्वांत वादाचं वाक्य: ‘वसाहतींच्या नफ्यावर पॅरिस उभं राहिलं.’ आकडे आल्यावर हे टिकत नाही, पण त्यामुळे फ्रान्स सुटत नाही. माझ्या मते खरा आरोप याच्या उलट आहे: वसाहतींत पैसा घातला नाही. १३ एप्रिल १९०० च्या कायद्याने ठरलं की वसाहतींनी आपला खर्च आपल्याच उत्पन्नातून भागवायचा. मग रस्ते, कचेऱ्या, गोऱ्या साहेबांचे पगार कशातून? डोईपट्टीतून आणि जकातीतून. ती भरायला जमत नसेल तर अंगमेहनतीतून. भांडवल कमी पडलं, तिथे माणसं वापरली.

याचा सर्वांत भीषण नमुना म्हणजे काँगो-ओसेआन रेल्वे. फ्रेंच काँगोत ब्राझाव्हिल ते समुद्रकाठचं प्वांत-न्वार, सुमारे ५०० किलोमीटर, काम १९२१ ते १९३४. मायोंबेच्या दाट जंगलातून आणि डोंगरातून बोगदे काढायचे होते, यंत्रं जवळपास नव्हतीच. चाड आणि उबांगीपर्यंतच्या गावांतून माणसं दोरखंड लावून आणली गेली. किमान १७,००० माणसं मेली असं धरलं जातं. काही अंदाज याहून मोठे आहेत. पुरेसा पैसा असता तर पहारी-फावड्यांऐवजी यंत्रं आली असती. फ्रेंच आफ्रिकेतली वेठबिगार कायद्याने संपली ती १९४६ मध्ये, आयव्हरी कोस्टचे प्रतिनिधी फेलिक्स उफुए-ब्वाञी यांनी पॅरिसच्या सभागृहात कायदा मंजूर करून घेतला तेव्हा.

वसाहतींकडे फ्रेंच पैसा खऱ्या अर्थाने वळला तो १९१८ नंतर. बाहेरचं बरंचसं बुडालं होतं आणि मंदीत जगाचे बाजार बंद होत होते, म्हणून. तोवर ‘जगात पसरलेला’ फ्रेंच पैसा आक्रसून साम्राज्याच्या कुंपणात आला. मजकूर १९३५ बद्दल असता तर मी थोडा कमी चिडलो असतो.

‘१४ देश, ५०० अब्ज डॉलर’ हे दोन ओळींत उरकतं. या १४ देशांचं सगळ्यांचं मिळून वर्षाचं एकूण उत्पन्नच ५०० अब्ज डॉलरपेक्षा कमी आहे. शेतकऱ्याला वर्षाचे तीन लाख मिळत असतील तर सावकार पाच लाख नेणार कसा? ‘कर’ म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे. या १४ देशांचं चलन सीएफए फ्रँक; ते चालवणाऱ्या मध्यवर्ती बँकांना परकीय गंगाजळीचा निम्मा भाग फ्रेंच कोषागारात ठेवावा लागे. पैसा त्यांचाच, व्याजही त्यांना. पश्चिम आफ्रिकेसाठी ही अट काढल्याची घोषणा डिसेंबर २०१९ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला झाली. मध्य आफ्रिकेत ती त्यानंतरही चालू राहिली. या चलनावर टीका जरूर व्हावी. जानेवारी १९९४ मध्ये त्याची किंमत एका फटक्यात निम्मी झाली आणि सेनेगलच्या राजधानीत, डाकारच्या बाजारात आयात औषधं महाग झाली; ही घट कुणी ठरवली हा प्रश्न रास्त आहे. पण तो प्रश्न विचारायला खोट्या आकड्याची गरज नाही.

भारताबद्दल: पॅरिसच्या ‘कोंत्वार देस्कोंत’ या बँकेने १८६० मध्ये कलकत्त्यात आणि १८६२ मध्ये मुंबईत शाखा उघडली. १८६२ हे साल बघा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद होता, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाच्या गाठींवर मुंबईत सगळं जग हुंड्या लिहीत होतं. आजची ‘बीएनपी पारिबा’ ही त्याच बँकेची वारस. फ्रेंच पैसा आपल्याकडे राफेलच्या दीडशे वर्षं आधी येऊन कापसाचा वास घेऊन गेला. रक्कम रशियाच्या मानाने किरकोळ, पण ‘आलाच नाही’ हे चूक.

राहिलं शेवटचं ठसक्याचं वाक्य, ‘पैसा कधी बुडाला नाही’. मेक्सिकोत फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने बसवलेल्या सम्राट माक्सिमिलियानला १८६७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याच्या नावाचे रोखे रद्दी झाले. पनामा कालव्याची फ्रेंच कंपनी फेब्रुवारी १८८९ मध्ये बुडाली. तिच्यात सुमारे आठ लाख लोकांचे पैसे होते. आदल्या वर्षी तिच्या लॉटरी-रोख्यांना परवानगी मिळावी म्हणून खासदारांना पैसे चारले होते, हे १८९२ मध्ये उघडकीला आलं. आणि १९१८ च्या आरंभी लेनिनच्या बोल्शेविक सरकारने एका फर्मानाने झारची सगळी परदेशी कर्जं रद्द केली.

रोखे लोकांनी फेकले नाहीत. कपाटात, ट्रंकेत, मृत्युपत्रात राहिले. आजोबांकडून नातवाकडे गेले. १९९७ मध्ये रशियाने ४० कोटी डॉलर द्यायचं कबूल करून प्रकरण मिटवलं, तेव्हा फ्रेंच सरकारने रोखे मोजायला बोलावले. तीन लाखांहून जास्त माणसं कागद घेऊन कोषागाराच्या खिडक्यांवर आली. कित्येकांच्या कागदांना १९१८ नंतरची कुपनं अजून तशीच चिकटलेली होती, एकही न कापलेली.