ती पोरं कुणाची?

8 जून 2023 ची पहाट. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जूनची थंडी म्हणजे अंथरुणातून हात बाहेर काढायची इच्छा होत नाही, आणि साडेपाचला फोन खणाणला. मंगळवार पेठेतला जुना मित्र. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले. इंटरनेट बंद केलेलं, म्हणून पठ्ठ्यानं साधा आयएसडी लावला होता. पैसे जात होते तरी अर्धा मिनिट काही बोलला नाही. मग म्हणाला, "भावा, दगड मारणाऱ्यांत आपल्या गल्लीतली दोन पोरं होती. मिसरूड फुटलं नाही अजून."

त्या दिवशी काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. काही मुस्लिम पोरांनी मोबाइलवर औरंगजेब-टिपू सुलतानाचं वादग्रस्त स्टेटस ठेवलं, दुसऱ्या दिवशी बंदची हाक आली, शिवाजी चौकात गर्दी जमली, दुकानांवर दगड पडले, लाठीमार झाला, अश्रुधूर झाला. स्टेटस ठेवल्याबद्दल ज्यांना पकडलं त्यातली काही अल्पवयीन होती. पुढच्या वर्षी विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात मशिदीची आणि घरांची मोडतोड झाली.

नेट सुरू झाल्यावर आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन आठवडे रण पेटलं. एक बाजू म्हणत होती, स्टेटसवाल्यांना ठोकून काढा. दुसरी म्हणत होती, सगळा राजकारणाचा डाव आहे, पोरं बिचारी भोळी. मी मध्ये तोंड घातलं तर एकानं सुनावलं, "तिकडं बसून शहाणपण शिकवू नको." बोलणं लागलं, पण बिनबुडाचं नव्हतं. परदेशात राहणाऱ्या माणसाला गावाबद्दल दोनच गोष्टी जमतात, उमाळे काढणं नाहीतर नाकं मुरडणं. दोन्ही टाळून लिहायचा प्रयत्न करतो. कारण त्या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारला नाही, की ती पोरं, स्टेटसवाली आणि दगडवाली दोन्हीकडची, कुणाची होती? संध्याकाळी सात वाजता ती कुठं बसतात, हे कुणाला ठाऊक होतं?

मी 2012 ला इथं आलो, भूकंपानंतरच्या बांधकामासाठी. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात या शहरात 185 माणसं गेली. जमिनीतून राखाडी गाळ वर आला, रस्ते आणि अंगणं भरून गेली. तो गाळ उपसायला हजारो विद्यार्थी फावडी घेऊन बाहेर पडले. मी आलो तेव्हा लोक त्या पोरांच्या गोष्टी अशा सांगायचे, जशा आपल्याकडे पुरातल्या सांगतात. पण मला जे कळलं ते भूकंपानंतर आठ वर्षांनी.

15 मार्च 2019, शुक्रवार. दुपारी अल नूर मशीद आणि लिनवुडच्या इस्लामिक सेंटरमध्ये गोळीबार झाला. 51 माणसं मारली गेली. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. शहरातल्या सगळ्या शाळा आतून बंद केल्या, संध्याकाळपर्यंत. पोरं बाकाखाली बसून होती. आणि मोठ्यांना कल्पनाही नव्हती तेव्हा बऱ्याच पोरांच्या मोबाइलवर त्या खुन्यानं स्वतः प्रक्षेपित केलेला व्हिडिओ पोचला होता. वर्गात बसून त्यांनी तो पाहिला. माझ्या मुलीनं पाहिला की नाही, हे तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. मीही आता विचारत नाही.

इथं एक कबुली द्यायला हवी. त्या दुपारी आमच्या भारतीयांच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो असा: "आपलं कुणी नाही ना त्यात?" होते. गुजरातचे, हैदराबादचे, केरळचे लोक होते. नावं आल्यावर ग्रुप गप्प झाला. "आपलं" हा शब्द किती तोकडा असतो, ते त्या दिवशी कळलं. माझ्याही डोक्यात तोच प्रश्न आधी आला होता, फक्त टाइप दुसऱ्यानं केला.

जसिंडा आर्डर्न यांचं तेव्हा जगभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. डोक्यावर ओढणी घेऊन त्या लोकांना भेटल्या, खुन्याचं नाव उच्चारायचं नाही म्हणाल्या, महिन्याच्या आत बंदुकांचा कायदा बदलला. पण माझ्या मुलीपर्यंत पंतप्रधान पोचल्या नाहीत. तिच्यापर्यंत पोचला तो शाळेत पोरांसाठी नेमलेला एक सामोअन, म्हणजे सामोआ बेटांकडचा माणूस. दांडगा, पैलवानासारखा, खुर्चीत मावत नसे. त्यानं भाषण केलं नाही. सोमवारपासून शाळेच्या एका खोलीत त्यानं टोस्टर आणि पावाची पाकिटं आणून ठेवली. कुणीही यावं, लोणी लावून खावं, बोलायचं तर बोलावं. अफगाण पोरी आल्या, सोमाली पोरं आली, इथली मूळची माओरी आली, आमची आली. पहिले तीन दिवस म्हणे कुणी काहीच बोललं नाही, फक्त पाव संपत होता. चौथ्या दिवशी एक मुलगी रडली. त्या आठवड्यात पोरांनी मशिदीसमोरच्या बाजूला जाऊन हाका, म्हणजे माओरींचा पारंपरिक नाच, केला. हाका आपण टीव्हीवर रग्बीच्या मॅचआधी बघतो तेव्हा युद्धाचा आवेश वाटतो. तिथं तो शोकाचा होता. छाती बडवून रडणं म्हणजे काय, ते मी त्या वेळी पाहिलं.

हे सगळं सांगून न्यूझीलंड म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. चौकशी आयोगाचा अहवाल 2020 च्या डिसेंबरात आला, त्यात सरकारी यंत्रणांचं लक्ष चुकीच्या दिशेला एकवटलं होतं असं स्पष्ट म्हटलंय. मुस्लिम महिलांची संघटना आधीपासून धोक्याबद्दल सांगत होती, तिचं कुणी नीट ऐकलं नव्हतं. तो व्हिडिओ पुढं पाठवणं गुन्हा ठरवलं गेलं आणि एका अठरा वर्षांच्या पोरावर खटलाही झाला. म्हणजे कायद्याचा दांडका इथंही पोरावर पडला. फरक एवढाच की दांडक्याच्या शेजारी टोस्टरही होता.

आणि मग मला वाटतं, टोस्टर आमच्याकडं नव्हता का?

माझे वडील भुदरगडातल्या एका खेड्यातून कोल्हापूरला शिकायला आले ते बोर्डिंगमध्ये. कुठल्या ते मुद्दाम सांगत नाही, कारण कोल्हापुरात बोर्डिंगचं नाव सांगितलं की जात कळते. आठवड्यातून दोनदा एसटीनं गावाकडून भाकरीचा डबा यायचा. डबा चुकला तर रेक्टरसाहेब स्वतःच्या घरी जेवायला घेऊन जायचे. वडील सांगायचे, "फी थकली तर ते रागवायचे. डबा चुकला तर मात्र कधीच रागावले नाहीत." वडिलांची आई वारली तेव्हा गावाला जायला रात्री गाडी नव्हती. रेक्टर पहाटेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले, एवढंच.

ही बोर्डिंगं शाहू महाराजांची. शाहूंचं नाव घेतलं की आम्हा कोल्हापूरकरांचा आवाज आपोआप चढतो आणि डोकं थोडं बंद पडतं, म्हणून जपून लिहितो. त्यांनी आधी सगळ्या जातींचं एकच वसतिगृह करून पाहिलं, ते साधलं नाही. मग 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, 1906 च्या सुमारास मुस्लिमांचं, 1907 मध्ये लिंगायतांचं, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक उभी राहिली. आज आमच्या ग्रुपवर काही जण म्हणतात, हे जातीचे कप्पे झाले. बरोबरच आहे, झाले. पण खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या, बावरलेल्या पोराला आधी स्वतःच्या बोलीत "जेवलास का?" विचारणारा माणूस लागतो. गाव एक करायच्या गोष्टी त्याच्याशी नंतर बोलाव्यात.

हे फक्त आपल्याच पोरांसाठी झालं असंही नाही. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियाच्या छावण्यांतून जगून आलेली. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालायच्या, त्यांचं चर्च होतं, स्काउटची पथकं होती. आधी मराठी शिका मग बघू, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. तीच जागा फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची झाली, आजचं गांधीनगर. तिथं कापड घ्यायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं. मला ते कळलं इथं आल्यावर. 1944 च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडनंही 733 पोलिश मुलं पाहियातुआ नावाच्या छोट्या गावात ठेवून घेतली, त्याबद्दल वाचताना वळिवड्याचं नाव समोर आलं आणि मी खुर्चीतून उठलोच.

क्राइस्टचर्चमध्येही बोर्डिंग होतं बरं का. 1950 च्या दशकात उत्तर बेटावरची माओरी पोरं सुतारकाम, प्लंबिंग शिकायला या गोऱ्या शहरात आली, तेव्हा मेथडिस्ट चर्चच्या लोकांनी रेहुआ नावाचं वसतिगृह चालवलं. आवारात 1960 मध्ये माओरी पद्धतीचं कोरीव सभागृह उभं राहिलं. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा बूट बाहेर काढून आत शिरलो आणि वडिलांचीच आठवण आली.

तालमीचंही तसंच. आमच्या लहानपणी हौद्यातल्या लाल मातीत उतरायला जात विचारत नसत, लंगोट धुतलाय का ते विचारत. पेठेतल्या तालमी गणपती बसवतात, तशा मोहरमला पंजेही बसवतात. 2018 ते 2020 दोन्ही एकाच सुमारास आले तेव्हा बाबुजमाल तालमीत गणपती आणि पंजा एकत्र बसले. याला आपण "सलोखा" असा पेपरातला जड शब्द देतो. आमच्या वस्तादांना तो शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढं माहीत होतं की कुठलं पोरगं दोन दिवस आलं नाही.

ऑगस्ट 2019 चा पूर आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगमध्येही पूरग्रस्त होते आणि चित्रदुर्ग मठातही. भाऊ मला फोनवर सांगत होता, तालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून म्हाताऱ्यांना बाहेर काढतायत. वय सोळा-सतरा. चार वर्षांनी दगड हातात घेतलेल्यांचंही वय तेवढंच. पोरांची जात बदलली नव्हती, रक्त बदललं नव्हतं. पुरात त्यांना कुणीतरी सांगत होतं, दोर इथं बांध, आधी त्या आजीला घे. जूनमध्ये सांगणारा कोण होता? ज्यांना पोरं आज दादा आणि साहेब म्हणतात, त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली स्टॅम्पएवढ्या फोटोत हीच पोरं असतात. गर्दी हवी असली की फोन येतो. पोलीस ठाण्यात बसवलं की तो फोन लागत नाही.

दंगलीनंतर सद्भावना फेऱ्या निघाल्या. निघायलाच हव्या होत्या. पण फेरीत चालणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, हे मी फोटोंत मोजलं.

ग्रुपवर मी एकदा लिहिलं की टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर तरी तालमीच्या फळ्यावर लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यावर हसण्याच्या चार इमोजी आल्या. "पैलवानाला डोक्याचा डॉक्टर?" गंमत म्हणून सांगतो, इथंही सामोअन आणि माओरी बापांची पहिली प्रतिक्रिया हीच असते. म्हणून तर त्या दांडग्या माणसानं पाव आणला होता.

गेल्या महिन्यात त्या मित्राचा पुन्हा फोन आला, या वेळी व्हॉट्सअॅपवर. आईची तब्येत, पाऊस, रंकाळ्याचं पाणी, सगळं झालं. मी विचारलं, गल्लीतल्या त्या दोन पोरांचं काय झालं. एक पुण्याला गेला म्हणे. दुसरा चपलांच्या दुकानात कामाला आहे. आणि स्टेटस ठेवणाऱ्यांतला एक मागच्याच बोळात राहतो, त्याचं नाव मित्राला माहीत होतं.

"तालमीत येतो का?"

"कुठला येतोय. गणपतीची वर्गणी मागायला पण त्याच्या दारात कोण जात नाही आता."

"तू गेलास?"

पलीकडून बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी बुलेट सुरू केली, ती लांब गेली.

"बघतो," तो म्हणाला. "बुधवारी दुकान लवकर बंद करतो मी."