काळी पाच ते पांढरी एक

चावीच्या ग्रामोफोनला आवाज कमी करायचं बटण नसतं. हे मला एका रविवारी दुपारी कळलं, आणि जर्मनीत रविवारी दुपारी कळावी अशी ही गोष्टच नव्हे. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी खालचे लोक वर येतात. ग्रामोफोनचा आवाज सुईवर ठरतो. जाड सुई म्हणजे मोठा, बारीक सुई म्हणजे हळू. सुई पोलादी, तबकडीची एक बाजू वाजली की झिजलीच, टाकून द्यायची. बारीक सुया अर्थातच आधी संपतात.

हे प्रकरण नवऱ्याने न्यूरेंबर्गच्या ट्रेम्पेलमार्क्टातून, म्हणजे आमच्या जुन्या बाजारातून, उचलून आणलं. 'किडीफोन' नावाचं, १९२०च्या दशकातलं, पत्र्याचं. गोल डबा, त्यावर चित्रं, वर नरसाळ्याएवढा कर्णा. बनवलं बिंग कंपनीने, ह्याच गावात. एके काळी ही जगातली सगळ्यात मोठी खेळण्यांची कंपनी होती म्हणे.

खेळणं मुलांचं, मेहनत मोठ्यांची. चावी भरा, सुई बसवा, तबकडीला वेग येऊ द्या, मग सुई अलगद टेकवा. एवढं करून गाणं जेमतेम दीड मिनिटाचं. पुन्हा चावी. लेक केव्हाच उठून गेली, आम्ही दोघं घाम पुसत बसलो. तरी स्प्रिंग आहे हे नशीब. ग्रामोफोनचा शोध लावणाऱ्या एमिल बर्लिनरचा बाजारात आलेला पहिला ग्रामोफोनही खेळणंच होतं. १८९०च्या सुमारास थुरिंगियातल्या एका बाहुल्यांच्या कारखान्याने तो काढला. त्यात स्प्रिंगच नव्हती, गाणं संपेपर्यंत दांडा हाताने फिरवत राहायचं. माझ्या मते या सगळ्यांत शहाणे कलोनचे चॉकलेटवाले स्टोलवेर्क. त्यांनी १९०३मध्ये मुलांच्या ग्रामोफोनसाठी चॉकलेटच्या तबकड्या काढल्या. कंटाळा आला की खाऊन टाका, विषय संपला.

आमचा विषय वाढला तो साताऱ्याहून अप्पा आल्यावर. सासऱ्यांनी बॅगेत, धोतराच्या घडीत गुंडाळून, नाट्यसंगीताची दहा इंची तबकडी आणली होती. "अहो अप्पा, हे खेळणं आहे, ओढणार नाही त्याला," मी म्हटलं.

"अगं, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायली, त्या तबकड्या हॅनोव्हरला छापल्या. या देशाला आपलं गाणं नवीन नाही. भर चावी!"

भरली. तबकडीतल्या बाईंनी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात, झकास उठाव घेतला. अंतऱ्यापर्यंत स्प्रिंग दमली आणि बाई काळी चार, काळी दोन करत पांढरी एकवर उतरल्या. तानेच्या मध्यात तर चक्क बुवा झाल्या. अप्पा ओरडले, "चावी दे, चावी दे!" नवऱ्याने वाजत्या गाण्यातच दांडा गरगरा फिरवला. डब्याच्या पोटात 'थाड' झालं, बाई एकदम तारसप्तकात गेल्या आणि दारावरची घंटा वाजली.

खालच्या मजल्यावरच्या आजी. हातात घड्याळ. मी माफीचं जर्मन जुळवत होते, तोवर अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, वर "बसा बसा, पुन्हा लावतो" असं शुद्ध साताऱ्याच्या मराठीत सांगितलं. आजींची तक्रार आवाजाची नव्हतीच. वेग चुकलाय, म्हणाल्या. त्यांनी तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवला आणि अर्धा मिनिट फेरे मोजले. एकोणचाळीस हवे होते, झाले एकोणपन्नास. मग डब्याच्या कडेचा छोटा स्क्रू एवढासा फिरवून त्या उठल्या आणि दारातून सांगून गेल्या, "पण रविवारी नको."

आता तबकडी मिनिटाला बरोबर ७८ फेरे घेते आणि अप्पांचा पारा चढलेला आहे. जन्मभर काळी पाचमध्ये ऐकलेल्या बाई काळी तीनमध्ये गातात, आणि साताऱ्याचा आपला ग्रामोफोन इतकी वर्षं पळत होता हे त्यांना काही केल्या मान्य नाही. "बाईंची पट्टी जर्मनांनी ठरवायची?" असं म्हणत ते रोज सकाळी तो स्क्रू फिरवून ठेवतात. संध्याकाळी आजी येऊन परत जागेवर आणतात.